इंधनाविना मालवाहतूक: पाण्याखालचा ग्लायडर की शिडांचे जहाज?

उत्प्लावक बलावर, म्हणजे पाण्याच्या वर ढकलणाऱ्या जोरावर चालणाऱ्या ग्लायडर या पाण्याखालच्या यानाला पुढे ढकलणारा पंखा नसतो. पोटातले तेल पंपाने बाहेरच्या रबरी पिशवीत सोडले की त्याचे आकारमान वाढून तो वर येतो, तेल आत घेतले की बुडतो, आणि बाजूचे पंख या खालीवर होण्याला तिरपी, पुढे नेणारी दिशा देतात. यात इंधन लागत नाही, हे मात्र अर्धसत्य आहे. 1000 मीटर खोलीवर वातावरणाच्या सुमारे 100 पट दाब असतो. तेथे आकारमान एक घनमीटरने वाढवायला किमान 2.8 युनिट वीज खर्च होते आणि ती बॅटरीतूनच येते. ऊर्जा थोडी लागते ती प्रामुख्याने संथ चालीमुळे. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा तितक्याच हळू चालणारी पंख्याची पाणबुडीही काटकसरीच ठरेल.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचा ‘स्कार्लेट नाइट’ हा असाच ग्लायडर 2009 मध्ये न्यू जर्सीहून स्पेनला 221 दिवसांत पोहोचला. सुमारे 7,400 किलोमीटरच्या या प्रवासाचा सरासरी वेग ताशी दीड किलोमीटरही भरत नाही, आणि त्यात माल नव्हे, केवळ मोजमापाची उपकरणे होती. त्याउलट ‘अनेमोस’ हे 81 मीटर लांबीचे शिडांचे जहाज सुमारे 1,000 टन माल वाहू शकते. 2024 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील ल हाव्र बंदरातून निघून ते तीन आठवड्यांच्या आत न्यूयॉर्कला लागले. त्यावरही डिझेल इंजिन आहेच, पण ते मुख्यतः बंदरात आणि वारा पडल्यावर कामी येते.

आजच माल पाठवायचा असेल, तर माझे मत निःसंशय शिडांकडे झुकते. ग्लायडरचा विचार द्रवरूप, न नासणाऱ्या आणि घाई नसलेल्या मालासाठीच करावा. नॉर्वेतील स्टाव्हांगर विद्यापीठाच्या संशोधकांनी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वाहण्यासाठी 50 मीटरांहून लांब ग्लायडरचा आराखडा मांडला, तो याच हिशेबाने. मात्र ग्लायडरला खोल पाणीही हवे. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे 300 किलोमीटर पसरली आहे आणि किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्रातही पाणी जेमतेम 75 मीटर आहे. एवढ्या उथळ पाण्यात असे धूड खालीवर करता येणार नाही, त्यामुळे तेथून ते टगबोटीने ओढून न्यावे लागेल आणि टगबोट बहुधा डिझेलवरच चालेल.