बर्गेन–किर्केनेस बोट: जाताना की येताना?

नॉर्वेच्या किनाऱ्याने १८९३ पासून चालणाऱ्या या बोटीचा हिवाळ्यात एकाच बाजूचा प्रवास करायचा असेल, तर मी येतानाचा, म्हणजे उत्तरेच्या किर्केनेसहून दक्षिणेला बर्गेनकडे येणारा, निवडेन. बंदरं जवळजवळ तीच: जाताना ३४, येताना ३३. जाताना ट्रॉम्सोला दुपारी चारेक तास उतरता येतं, हा मोठा फायदा. पण लोफोटेन बेटं येईपर्यंत बहुधा अंधार पडलेला असतो. येताना मात्र लोफोटेनजवळची राफ्टसुंद ही चिंचोळी सामुद्रधुनी दुपारी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्हीकडचे बर्फाळ कडे अगदी हाताशी आल्यासारखे दिसतात, आणि खाली पाणी काळंशार! ऐन डिसेंबरात तिथे सूर्यच उगवत नाही, तेव्हा हा फरक उरत नाही. नॉर्दर्न लाइट्स दोन्हीकडे दिसू शकतात. आकाश तेवढं निरभ्र हवं.