लॉगरोटेट: डेटाबेस नोडवर कितपत पुरतं?

लॉगरोटेट म्हणजे लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या) फाइली फिरवणारं टूल: चालू फाइल बाजूला करायची, नवी सुरू करायची, जुन्या काढायच्या. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर ते आधीपासूनच असतं. वेब सर्व्हरवर ते डिफॉल्ट सेटिंगवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. मोंगोडीबी किंवा कॅसान्ड्रा या डेटाबेसच्या नोडवर (ते चालवणाऱ्या सर्व्हरवर) तेवढ्याने भागत नाही, कारण तिथे डेटाबेस स्वतःही लॉग फिरवतो. दोघांनी एकाच फाइलला हात घातला की उरलेल्या फाइली कुणाच्याच हिशेबात राहत नाहीत.

मोंगोडीबीचंच बघा. लॉग फिरवण्याची त्याची डिफॉल्ट पद्धत 'रीनेम' आहे. यूएसआर१ सिग्नल (प्रोसेसला बाहेरून दिलेला इशारा) मिळाला की तो चालू फाइलच्या नावाला तारीख-वेळ जोडतो आणि नवी फाइल उघडतो. जुनी फाइल तो कधीच डिलीट करत नाही. नुसता सिग्नल पाठवणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला असेल तर अशा फाइलींनी डिस्क भरणारच. सोबत लॉगरोटेटही असेल, तर त्याने नुकतीच बनवलेली रिकामी फाइल मोंगो रीनेम करतो आणि दर फेरीला शून्य बाइटची एक फाइल मागे राहते. उपाय सोपा आहे: मोंगोच्या कॉन्फिगमध्ये 'लॉगरोटेट' याच नावाच्या सेटिंगला 'रीओपन' आणि 'लॉगअपेंड' ला 'ट्रू' द्यायचं, सिग्नल लॉगरोटेट टूलच्या पोस्टरोटेटमधून (फाइल फिरवल्यावर चालणाऱ्या कमांडमधून) पाठवायचा. मग नाव बदलणं आणि जुनं काढणं, दोन्ही लॉगरोटेटकडेच राहतं.

पुष्कळ जण याऐवजी 'कॉपीट्रंकेट' लावतात, म्हणजे फाइलची कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करायची. डेटाबेस नोडवर ते टाळा. आधी अख्ख्या फाइलची कॉपी होते, म्हणजे तेवढीच मोकळी जागा लागते आणि डिस्क भरत आलेली असताना नेमकी तीच नसते. शिवाय कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणी लिहिलेल्या ओळी जातात.

लॉगरोटेट सतत चालणारी सेवा नाही, टायमर ते ठरल्या वेळी चालवतो. 'साइझ १०० एमबी' लिहिलं आणि टायमर रोजचाच ठेवला, तर तपासणी दिवसातून एकदाच होणार. लॉग लेव्हल वाढवलेला नोड तेवढ्यात कितीही जीबी लिहून मोकळा होतो. टायमर तासाचा करा आणि 'डेली' सोबत 'मॅक्ससाइझ' वापरा, म्हणजे फाइल रोज फिरेल किंवा त्या आकारापुढे गेली की आधीच फिरेल. 'साइझ' दिलं की वेळेची अट धरली जात नाही.

सर्वांत चकवणारी गोष्ट 'रोटेट' च्या, म्हणजे किती जुन्या फाइली ठेवायच्या त्याच्या, आकड्यात आहे. क्रमांकाच्या पद्धतीत (जुन्या फाइलींच्या नावापुढे १, २, ३ लागतात तेव्हा) ३० चा आकडा ५ केला, तरी आधीच्या मोठ्या क्रमांकांच्या फाइली तशाच पडून राहतात. लॉगरोटेट फक्त नव्या मर्यादेबाहेर सरकणारी फाइल काढतं. 'डेटफॉरमॅट' (नावात तारीख लिहिण्याची पद्धत) बदललं तरी हेच होतं. असा बदल केला की जुना ढीग एकदा हाताने साफ करावाच लागतो.

साफ करूनही जागा सुटली नाही तर 'डीएफ' (डिस्कवर वापरलेली जागा) आणि 'डीयू' (दिसणाऱ्या फाइलींची बेरीज) या कमांडचे आकडे ताडून पाहा. डीएफचा आकडा बराच जास्त असेल तर बहुधा डिलीट झालेली फाइल प्रोसेसने उघडी धरलेली आहे. 'एलएसओएफ +एल१' ही कमांड ती दाखवते. मोंगोला रीओपनचा सिग्नल दिला की जागा सुटते, नोड रीस्टार्ट करायची गरज नाही.

कॅसान्ड्राच्या सिस्टिम आणि डीबग लॉगवर लॉगरोटेट लावूच नका. कॅसान्ड्रा लॉग लिहायला वापरतो ती लॉगबॅक लायब्ररी ते काम उत्तम करते: प्रत्येक फाइल ५० एमबी, ७ दिवस, एकूण ५ जीबी. ही मर्यादा प्रत्येक अपेंडरला (एकेक लॉग लिहिणाऱ्या भागाला) वेगळी असते, म्हणून दोन्ही लॉगसाठी मिळून १० जीबी धरून चाला. हीप डंप (प्रोसेसच्या मेमरीची, म्हणजे हीपची, डिस्कवर काढलेली प्रत) मात्र यातल्या कुणाच्याच यादीत नाहीत. एकेक डंप हीपच्या आकाराच्या आसपास जातो, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा क्रॉन हवाच.

आणि साफसफाईची स्क्रिप्ट लॉगच्या डिरेक्टरीबाहेर जाता कामा नये. 'कमिटलॉग' किंवा 'वायर्डटायगरलॉग' ही नावं लॉगसारखी दिसली, तरी त्या फाइलींत डेटा फाइलमध्ये अजून न पोचलेली राइट्स असतात. लॉगरोटेटचं कॉन्फिग बदललं की आधी '-डी' देऊन चालवा: कुठल्या फाइलीचं काय होणार ते दिसतं आणि प्रत्यक्षात काहीच हलत नाही.