मेल-टेस्टर: १० पैकी १० मिळाले, तरी जीमेल ऐकेना

ऑफिसचा मेल सर्व्हर मी सांभाळतो, म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून गळ्यात पडलाय. कोटेशन पाठवलं की दोन दिवसांनी फोन, "अहो तुमचा मेलच नाही आला", मग मी म्हणायचं स्पॅममध्ये बघा ना जरा, किती दिवस चालणार असं. शेवटी मेल-टेस्टर, म्हणजे आपला मेल स्पॅम का ठरतोय ते तपासणारी साइट, वापरून बघितलं.

वापरायला एकदम सोप्पं. साइट उघडली की एक चित्रविचित्र पत्ता देते, त्यावर आपल्या सर्व्हरवरून मेल टाकायचा, जरा थांबून बटण दाबायचं, १० पैकी मार्क येतात. लॉगिन वगैरे भानगड नाही. फक्त "टेस्ट टेस्ट" लिहून पाठवू नका, सहीसकट खरा मेल पाठवा, कारण मजकूरही स्पॅमअसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्राममधून तपासला जातो.

मला पहिल्यांदा साडेचार मिळाले! डोमेनवर एसपीएफचे (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) दोन रेकॉर्ड निघाले, एक जुन्या होस्टिंगचा आणि एक न्यूजलेटरवाल्यांनी सांगितला म्हणून मीच टाकलेला. दोन असले की तपासणी एरर देऊन मोकळी होते, म्हणजे एकही नसल्यासारखंच, दोन्ही एकात घालावे लागतात. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, गंमत वेगळीच. सही पडताळायची किल्ली २०४८ बिटची, ती डोमेनच्या डीएनएस नोंदींत टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून टाकायची, त्यात एका अवतरणात २५५ च्या वर अक्षरं बसत नाहीत, आणि डीएनएस पॅनेलने किल्लीचं शेपूट गुपचूप कापून टाकलेलं. मेलवर सही होत होती पण पडताळणी फेल, आणि मी महिनाभर सर्व्हरला शिव्या घालतोय. रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) मात्र आपल्या हातात नसतो, ज्यांचा आयपी त्यांनाच सांगावं लागतं, आमच्या व्हीपीएसवाल्यांना, म्हणजे ज्यांच्याकडून सर्व्हर भाड्याने घेतलाय त्यांना, चार तिकिटं टाकली तेव्हा कुठे झालं.

मग १० पैकी १०. आणि जीमेल? तरीही स्पॅम!

इथे या टूलची मर्यादा कळते. कागदपत्रं बरोबर आहेत का एवढंच ते बघतं, स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या काळ्या याद्याही (ब्लॅकलिस्ट) बघतं, पण तुमच्या डोमेनबद्दल जीमेलचं मत काय आहे ते त्याला कुठून कळणार. त्याचा थोडा अंदाज गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये येतो, तिथे स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण दिसतं, पण मेल थोडे जात असतील तर ते रिकामंच दिसतं. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याला पोचताच कामा नयेत, म्हणजे हजारात तिघांनी स्पॅमचं बटण दाबलं की संपलं. आमची जुनी यादी निम्मी मेलेली होती, ती छाटली आणि न्यूजलेटर वेगळ्या सबडोमेनवरून पाठवायला लागलो, मग हळूहळू कोटेशन इनबॉक्सात जायला लागले.

वैताग एकच, फुकटात दिवसाला मोजक्याच टेस्ट मिळतात. रेकॉर्ड बदलून लगेच टेस्ट मारली तर जुनाच दिसू शकतो, टीटीएल (जुनी नोंद लक्षात ठेवायची मुदत) संपेपर्यंत थांबा, मी पहिल्या दिवशीच्या सगळ्या अशाच घालवल्या.

पाचपैकी चार स्टार. परवा अकाउंट्सवाल्यांनी नवीन बिलिंग सॉफ्टवेअर जोडलं, टेस्ट मारली, एसपीएफचे रेकॉर्ड परत दोन.