टीव्हीमागची एलईडी पट्टी: उजेड मस्त, टेप बेकार

आमच्या भुसावळला रात्री हॉलमधला लाईट बंद करूनच टीव्ही पाहतात, कारण चालू ठेवला की स्क्रीनवर ट्यूबलाईटची रेघ दिसते, आणि अंधार केला की थोड्या वेळात डोळे चुरचुरायला लागतात. जळगावला गोलाणी मार्केटला काम होतं तेव्हा टीव्हीच्या पाठीला चिकटवायची यूएसबीवाली पट्टी घेऊन आलो, ३५० ला. दुकानदार रंगीबेरंगी रिमोटवाली गळ्यात मारून राहिला होता, गाण्यावर नाचते म्हणे! मी साधी पांढरीच घेतली, ६५०० केल्विनवाली (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), टीव्हीचा पांढरा साधारण त्याच मापाचा धरतात, मागे भलताच रंग टाकला तर समोरचे चेहरे विचित्र दिसतात.

फरक पडतो. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते आणि समोर एकच झगझगीत चौकोन, त्यात सीन कधी अंधारा कधी एकदम उजळ झाला की डोळ्याला सारखं जुळवून घ्यावं लागतं, भिंतीवर उजेड असला की तो झटका कमी बसतो. पण उजेड मंदच हवा, स्क्रीनच्या १० टक्के धरा. आणि टीव्ही शोरूमसारखा भडक व्हिविड मोडवर ठेवला तर पट्टी तरी काय करणार भो, सिनेमा मोड लावून टीव्हीचा स्वतःचा उजेड (बॅकलाईट) उतरवला तेव्हा कुठे आईचं डोळे चोळणं थांबलं. भिंत पांढरी असेल तर उत्तम, काकांकडे पोपटी आहे, तिथे लावून पाहिली तर सगळा उजेड हिरवट. बाकी चष्म्याचा नंबर बदलला असेल तर आधी डोळे तपासा, हे त्याचं औषध नाही.

कूलरचंही सांगतो. मे महिन्यात सगळे कूलर थेट तोंडावर घेऊन बसतात, टीव्ही बघताना पापण्या आधीच कमी लवतात, त्यात ती हवा, मग डोळे कोरडे पडणारच. कूलरचं तोंड फिरवा, फुकटात काम होतं.

आता तक्रार. सोबत आलेला डबल टेप आमच्या ४५ डिग्रीत, त्यात टीव्हीची गरम पाठ, पार पाघळला, पट्टी वरून लोंबायला लागली आणि चिकट काळा थर टीव्हीलाच राहिला. कोपऱ्यात वळवायला क्लिपाही दिल्या नाहीत. २ मीटरमध्ये ४३ इंचीच्या तीनच बाजू होतात, खालची राहते, पण त्याने काही अडत नाही. टीव्हीच्याच यूएसबीवर चालते, त्यामुळे टीव्हीसोबत आपोआप चालू-बंद होते हे मात्र झकास.

साडेतीन स्टार. घेणार असाल तर चांगला टेप त्याच दिवशी वेगळा घ्या.