जयप्रकाश नगर मेट्रोजवळचा फ्लॅट: नवतपा आणि पावसाळा काढल्यावर

नागपुरात जयप्रकाश नगर मेट्रो स्टेशनच्या आसपास घर शोधत असाल तर वर्धा रोडला लागून असलेली फ्लॅटची चकाचक स्कीम सोडा आणि आतल्या गल्लीतली जुनी स्कीम पाहा. आम्ही तशाच एका चार माळ्यांच्या बिल्डिंगमध्ये रीसेलचा टू बीएचके घेतला. उन्हाळा, पावसाळा दोन्ही इथे काढून झाले, म्हणून आता ठामपणे लिहिते.

घरात आम्ही तिघी. माझं ऑफिस बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, मुलगी एलएडी कॉलेजला, आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. गाडी कोणीच चालवत नाही. त्यामुळे तिघींना आपापलं जाता-येता यावं, एवढीच पहिली अट होती. नागपुरात ही अट आता पुरी होऊ शकते. खापरी ते बर्डी मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, पुढच्या जानेवारीत लोकमान्य नगरची बाजू आली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगरपर्यंतचे तुकडे जोडले गेले. बर्डीला दोन्ही लाइन मिळतात. मी छत्रपती चौक, अजनी, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर करत बर्डीला उतरते. मुलगी तिथे गाडी बदलते आणि अ‍ॅक्वा लाइनने एलएडी चौकात जाते. रेल्वे स्टेशनला जायचं तरी तेच, बर्डीला बदलून कॉटन मार्केटच्या पुढचं स्टेशन. पहाटेच्या ऑटोची घासाघीस संपली.

आधी आम्ही धरमपेठ, शंकर नगरची बाजू पाहत होतो, कारण तिथून मुलीला कॉलेज पायी. भाग सुंदर आहे, झाडं आहेत, अ‍ॅक्वा लाइन जवळ. पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट त्या भागातल्या लोकांना विचारून पाहा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी फुगली आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउट या भागांत झोपेतल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं. आम्हाला दाखवलेल्या तळमजल्याच्या एका फ्लॅटला नवा कोरा रंग होता. मी किचनच्या ओट्याखालचं दार उघडलं, तर प्लायवूड खालून फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले. बिजागरीला गंज. दलाल म्हणाला, "नळ लीक होता मॅडम." खाली आल्यावर चौकीदाराला विचारलं, तो म्हणाला, "ताई, मोटर आन् मीटर दोन्ही पाण्यात होते." त्या बाजूला घर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. वरचा माळा असेल, मीटर उंचावर हलवलेले असतील, तर जरूर घ्या. पण त्या रात्री पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे दलालाला न विचारता शेजाऱ्यांना विचारा.

आता वर्धा रोडचं. इथली मेट्रो डबल डेकर पुलावर आहे: खाली रस्ता, त्याच्यावर गाड्यांचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या पुलाची गिनीज बुकात नोंद झाली, आणि छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर ही तिन्ही स्टेशनं याच पुलावर आहेत. आपल्या गावात असं काही उभं राहिलं याचा मला मनापासून अभिमान आहे. पण घर घेणाऱ्याने त्याचे दोन अर्थ ध्यानात घ्यावेत.

एक म्हणजे प्लॅटफॉर्म खूप उंच आहे. बिल्डरच्या बोर्डवरची 'मेट्रोपासून २ मिनिटं' ही खांबापर्यंतची असतात, गाडीपर्यंतची नाहीत. आपल्या गेटपासून लिफ्टच्या दारापर्यंत स्वतः चालून पाहा, आणि तेही मे महिन्यात, भर दुपारी. पारा ४५ च्या वर गेला की दहा मिनिटांची उन्हातली चाल म्हणजे मेट्रो असून नसल्यासारखी. आमच्या गल्लीत कडुनिंब आहेत, सावली जवळजवळ मेन रोडपर्यंत साथ देते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतसुद्धा, आई दुपट्टा बांधून, काठी टेकत स्टेशनला गेली आणि लिफ्टने वर चढली. माझ्या दृष्टीने या घराची खरी किंमत त्या कडुनिंबांत आहे.

दुसरा अर्थ आवाजाचा. रोडला लागून असलेल्या स्कीममध्ये तिसऱ्या माळ्याची बाल्कनी पाहिली, तर समोर उड्डाणपूल जवळपास डोळ्यांच्या रेषेत. मेट्रोचा त्रास नाही, तीन डब्यांची गाडी, येते नि जाते. त्रास ट्रकांच्या हॉर्नचा आणि धुळीचा. आतल्या गल्लीत यातलं काही नाही. विमानं मात्र इथेही ऐकू येतात, एअरपोर्ट जवळच आहे.

फ्लॅट पाहताना भिंती पाहा. पश्चिमेची भिंत बेडरूमला नको, ती रात्री बारापर्यंत तापलेली असते. आणि कूलर कुठे बसणार? नव्या स्कीममध्ये एसीची जागा काढतात, कूलरची काढत नाहीत. आमच्या हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँड आधीपासून आहे, वरच्या माळ्याचं पाणी त्यावर पडत नाही, आणि पाइप बाथरूममधून येतो. नागपूरकराला याचं मोल वेगळं सांगायला नको.

कागदांवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि तुम्हीही घाला. आपल्याकडे सोसायटीपेक्षा अपार्टमेंटच्या स्कीम जास्त, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या. त्यात फ्लॅट तुमचा आणि जमीन, जिना, गच्ची यांत तुमचा टक्केवारीतला अविभक्त हिस्सा. तो डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये लिहिलेला असतो. तो कागद मागा, स्वतः वाचा. गच्ची किंवा पार्किंग कोणाला वेगळं विकलेलं आहे का, ते त्यातून कळतं. आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) काढा, मंजूर नकाशा प्रत्यक्ष बिल्डिंगशी ताडून पाहा, आणि गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय प्लॉट पाडून विकलेला लेआउट असेल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे रिलीज लेटर, पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. रीसेलमध्ये अजूनही सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेला आकडा तोंडावर फेकतात. आम्ही टेप घेऊन कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा मोजली आणि भाव त्यावरच बोललो. खरेदी बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. आमचं विक्रीपत्र माझ्या आणि आईच्या नावाने झालं.

उणिवा आहेत. मेडिकल चौक, सक्करदरा, मानेवाडा, महाल इथे मेट्रो जात नाही. मावशी सक्करदऱ्याला राहते, तिच्याकडे जायला ऑटोच लागतो. रात्री उशिरा लग्नाहून परतताना मेट्रो नसते. स्कीम जुनी असल्याने लिफ्ट लहान आहे, स्ट्रेचर आत मावत नाही. आईमुळे ही गोष्ट मला अजूनही टोचते. पार्किंगही तोकडं आहे, दोन चारचाकी असलेल्यांनी इकडे वळू नये.

भाजीला खामला, तिथली संध्याकाळची भाजी ताजी आणि भाव रास्त. वरच्या माळ्यावरचा एक फ्लॅट सध्या रिकामा आहे. कोणी पाहायला येणार असेल तर दुपारी एकला या आणि स्टेशनपासून चालत या.