बीए इकॉनॉमिक्स: तीन सेमिस्टर संपल्यावरचा अनुभव (लांब आहे, चहा घेऊन बसा)

ऍडमिशनच्या सीझनला "इकॉनॉमिक्स घेऊ का, स्कोप आहे का" असे मेसेज सुरू होतात, मग प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. मी पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात आहे, नाव टाकत नाही, चौथी सेमिस्टर चालू आहे, नवीन शैक्षणिक धोरणवाली बॅच. बारावी कॉमर्स, पण मॅथ्स ठेवून. हे मॅथ्सचं मुद्दाम सांगतेय, पुढे त्याच्यावरच सगळी गाडी येणार आहे.

स्ट्रक्चर आधी. सेमिस्टरला 22 क्रेडिट, तीन वर्षांचे 132 करून बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर 176 आणि ऑनर्सची डिग्री, आणि त्यानंतर एमए एका वर्षात. ऐकायला भारी आहे. पण एफवायला त्या 22 मध्ये खरं इकॉनॉमिक्स निम्म्याहून कमी येतं हे ऍडमिशनच्या खिडकीवर कोणी सांगत नाही. बाकी ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी (इतर शाखांचे, कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे असे पेपर), ही अक्षरं पाठ होईपर्यंत पहिली इंटर्नल आलेली असते. काही पेपर बरे निघाले, काही पीपीटी वाचून संपले, त्यावर जास्त लिहीत नाही.

मायक्रोपासून, म्हणजे एकेका गिऱ्हाईकाच्या आणि बाजाराच्या अर्थशास्त्रापासून, सुरुवात होते. मागणी, पुरवठा, लवचिकता (भाव बदलला की मागणी किती हलते), मग समवृत्ती वक्र (दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांची रेषा). वर्गात हे सगळं फळ्यावरच्या आकृत्यांमधून जातं, सर आकृती काढतात, आपण वहीत काढतो, परीक्षेत परत काढतो. आकृती सरळ आली की मार्क येतात. पण तो उतार म्हणजे नेमकं काय, तो बदलतो तेव्हा बाजारात काय होतंय, हे डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर काढायचं गणित) आल्याशिवाय डोक्यात बसत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या वर्गात बऱ्याच जणांनी दहावीनंतर मॅथ्स सोडलेलं, आणि ती मुलं हुशार नाहीत असं अजिबात नाही, एकीला तर शेतमालाचे भाव तोंडपाठ असतात, पण लॅग्रांज (बजेटसारख्या मर्यादेत सगळ्यात चांगला पर्याय काढायची गणिती पद्धत) आला की ती सगळी गप्प होतात आणि सरही मग "हे ऑप्शनला टाका" म्हणून पुढे जातात. हे ऑप्शनला टाकलेलंच पुढे एमएच्या एन्ट्रन्सला नडतं! तेव्हा मॅथ्स सुटलेलं असेल तर ऍडमिशन घेऊ नका असं म्हणत नाही, पण एफवायच्या पहिल्या सुट्टीत अकरावी-बारावीचं डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी स्वतः बसून उरका. कॉलेज ते करून घेणार नाही, आणि वेळ तर भरपूर मिळतो, लेक्चरं दुपारी संपतात.

कांद्याचं सांगते, कारण तिथे मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय खरंच काही कामाचा आहे. आमच्या एफवायला लवचिकता चालू होती आणि त्याच काळात, सप्टेंबर 2024 मध्ये, कांद्यावरचं निर्यातशुल्क 40 वरून 20 टक्क्यांवर आणलं, पुढे 1 एप्रिल 2025 पासून काढूनच टाकलं. त्याच्या आधी डिसेंबर 2023 ते मे 2024 निर्यातबंदी होती. आता पुस्तकात लिहिलंय की कांद्याची मागणी अलवचिक, भाव दुप्पट झाला तरी घरात कांदा अर्धा होत नाही. म्हणून माल थोडा कमी आला तरी भाव भडकतो आणि थोडा जास्त आला की कोसळतो. निर्यात अडवली की बाहेर जाणारा माल इथेच साठतो, शहरातल्या गिऱ्हाईकाला बरं पडतं आणि लासलगावला लिलावात उभ्या असलेल्या माणसाला नाही. हे सगळं एका आकृतीत येतं, कोणाच्या खिशातून किती गेलं ते क्षेत्रफळ मोजून दाखवता येतं. वर्गातल्या नाशिककडच्या मुलांनी त्या दिवशी सरांना तासभर सोडलं नाही. असा तास सेमिस्टरमध्ये एखाददुसराच होतो, आणि त्याच्यावर प्रश्न येत नाही. प्रश्न येतो "लवचिकतेचे प्रकार स्पष्ट करा".

मॅक्रो, म्हणजे सगळ्या देशाचं अर्थशास्त्र, मला जास्त आवडलं. पैशाचा पुरवठा, महागाई, रिझर्व्ह बँक, व्याजदर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती, महागाईचं 4 टक्क्यांचं लक्ष्य आणि वर-खाली 2 टक्क्यांची मोकळीक. फेब्रुवारी 2025 मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) 6.5 वरून 6.25 झाला आणि डिसेंबरपर्यंत 5.25 वर आला, म्हणजे सव्वा टक्का उतरला. दादाचं होम लोन आहे, तो म्हणाला रेट कमी झाला म्हणतात पण माझा हप्ता तर तेवढाच जातोय. बसले मग एक्सेल उघडून. समजा 20 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के, तर हप्ता 17,356 च्या आसपास. रेट सव्वासात झाला तर हप्ता 15,808 व्हायला हवा, पण हप्ता तोच ठेवला तर 240 चे साधारण 198 हप्ते होतात, साडेतीन वर्षं आधी कर्ज फिटतं. बँका बऱ्याचदा हप्ता न बदलता मुदत कमी करतात. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवीन फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत, म्हणून हे एवढ्या लवकर पोचतं. जुन्या पद्धतीत बँका आरामात घ्यायच्या. दादाला स्टेटमेंटमध्ये मुदत दाखवली तेव्हा घरात पहिल्यांदा माझ्या डिग्रीबद्दल कोणी चांगलं बोललं.

भारतीय अर्थव्यवस्थेचा पेपर सगळे सोपा म्हणतात, पाठांतराचा. मला तो वाया घालवलेला पेपर वाटतो. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांचं नाव दारिद्र्यरेषेच्या टॉपिकमध्ये एका ओळीत येऊन जातं: 1971, दिवसाला 2250 कॅलरी, संपलं. अरे हे दोघं पुण्यातले, गोखले इन्स्टिट्यूटचे, कॉलेजातून बसने जाता येतं तिथे! त्यांनी 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना किमान खर्च 15 रुपये आणि शहरात साडेबावीस असा हिशोब मांडला, तो कसा मांडला हे एकदा वर्गात करून बघितलं असतं तर सगळ्यांना जन्मभर लक्षात राहिलं असतं. तसंच रोजगार हमी. नोट्समध्ये 2005 चा केंद्राचा कायदा असतो, त्याच्या कितीतरी आधी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंची कल्पना, 72 चा दुष्काळ आणि 1977 चा महाराष्ट्राचा कायदा हे दोन ओळींत. पप्पांच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 व्यवसाय कर कापलेला दिसतो ना, तो कर 1975 मध्ये आणला तोच मुळात या योजनेला पैसा उभा करायला. हे मला कॉलेजात नाही, लायब्ररीत सहज चाळताना कळलं.

परीक्षेबद्दल एकच सांगते, पेपर तपासताना पानं मोजतात असा आमच्या सगळ्यांचा समज आहे आणि मार्क बघून तो दरवर्षी पक्का होतो. दोन दिवस आधी झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स घेऊन पास होता येतं, चांगले मार्कही पडतात. इथेच धोका आहे, कारण मार्कांवरून आपल्याला काय येतं ते समजत नाही.

अभ्यासाला मी काय वापरते: इग्नूचं साहित्य ई-ज्ञानकोशवर फुकट आहे, हिंदीत आणि इंग्रजीत, मॅथ्सचे युनिट तर खूपच व्यवस्थित. स्वयमवर (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) कोर्स आहेत, क्रेडिट ट्रान्सफर होतं पण कॉलेजला आधी विचारा. आकडे हवे असतील तर रिझर्व्ह बँकेचा आणि सांख्यिकी मंत्रालयाचा डेटा सरळ एक्सेलमध्ये उतरतो. महागाईची जुनी, 2012 आधारवर्षाची मालिका उतरवून बघा, त्यात खाण्यापिण्याचं वजन (एकूण खर्चातला वाटा) 45.86 टक्के आहे, मग भाजी महागली की बातम्यांमध्ये एवढा गोंधळ का होतो ते आपोआप समजतं.

स्कोपचं. नुसत्या बीएवर इकॉनॉमिस्टची नोकरी लागत नाही, स्वप्न बघू नका. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसलाही पीजी लागतं. पीजीच्या प्रवेशपरीक्षा म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी, आयआयटीचं जॅम (त्यात 2021 पासून इकॉनॉमिक्स पेपर आहे), आणि आयएसआय, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची, या तिन्हीकडे मॅथ्स-स्टॅट्सशिवाय भागत नाही, आयएसआय तर जवळजवळ मॅथ्सचीच परीक्षा. एमपीएससी-यूपीएससीवाल्यांना वैकल्पिक म्हणून विषय चालतो, राज्यसेवा वर्णनात्मक झाल्यापासून आमच्या वर्गात तेच जास्त आहेत. पण फक्त त्यासाठी घेणार असाल तर दुसराही कुठलाही बीए चालेल, तीन वर्षं वक्र काढत बसायची गरज नाही.

लॅपटॉप लागतो का हे खूप जण विचारतात. पहिल्या वर्षी नाही लागला. आता स्टॅटिस्टिक्स चालू झालंय तर लागतो, सेकंडहँड चालेल, एक्सेल आणि आर (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) एवढं पळलं की बास. सायंटिफिक कॅल्क्युलेटर मात्र घ्यायच्या आधी परीक्षेत चालतो का ते सीनियरना विचारून घ्या, कॉलेजागणिक वेगळं सांगतात.