साडेनऊ हजारांचं फुंकायचं मशीन: चार लार्ज, एक बरका फणस आणि पायलट भाची

आधीच सांगतो, श्वासातली दारू मोजणारं हे मशीन मी नाकाबंदी चुकवायला घेतलेलं नाही. माझी भाची पायलट आहे, को-पायलट, त्यांच्या भाषेत फर्स्ट ऑफिसर. पहाटेची ड्युटी असली की ती आमच्या पार्ल्याच्या घरी झोपायला येते कारण इथून एअरपोर्ट जवळ. आणि ती आली की आमच्या घरातलं सगळं वातावरण बदलतं, म्हणजे कफ सिरप कपाटात, होमिओपॅथीच्या गोळ्या कपाटात, माझा माउथवॉश तर तिने एकदा सरळ बेसिनमध्ये ओतला. मला वाटायचं पोरीचं डोकं फिरलंय. मग कळलं की डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमातच लिहिलंय, अल्कोहोल असलेला माउथवॉश किंवा टूथ जेल क्रूने वापरायचं नाही, कारण सकाळी ड्युटीआधीच्या दारूच्या टेस्टला पॉझिटिव्ह येऊ शकतं.

मशीन घ्यायचं डोक्यात आलं ते मात्र नागपूरच्या फ्लाइटमुळे. सहाची फ्लाइट साडेसात झाली तरी हलेना, गेटवर कोणी काही सांगेना, आणि रांगेतल्या एका काकांनी जाहीर करून टाकलं की पायलट पिलेला सापडला म्हणून. पाच मिनिटांत ही बातमी पूर्ण रांगेत. एक बाई तर तिकीट कॅन्सल करायला निघाल्या. शेवटी निघालं धुकं, नागपूरचं. पण मी तिथून भाचीला मेसेज केला की खरंच असं होतं का गं. तिचं उत्तर, "मामा, सापडला असता तर तुला कळलंच नसतं, स्टँडबायवाला, म्हणजे राखीव पायलट, आला असता. सापडलेल्याची कशाला भीती वाटते तुला?"

हे शेवटचं वाक्य डोक्यात बसलं. म्हटलं बघूया तरी हे मशीन नेमकं काय पकडतं आणि काय सोडतं.

पहिलं घेतलं अकराशे रुपयांचं. ते घेऊ नका, विषय संपला. सेमीकंडक्टर सेन्सरचं असतं, त्याला दारू आणि बाकीच्या वाफा यातला फरक नीट कळत नाही. मी दाढी करून आफ्टरशेव्ह लावून फुंकलं तर ०.०४ (म्हणजे १०० मिली रक्तात ४० मिलिग्रॅम दारू) आणि बायको उपाशीपोटी, चतुर्थीच्या दिवशी, ०.०२. तिने तेव्हापासून मशीनचं नाव टाकलंय. परत पाठवलं, पैसे मिळाले, नशीब.

दुसरं हे, साडेनऊ हजारांचं, फ्युएल सेलवालं. ब्रँड लिहीत नाही कारण हेच मशीन चार वेगळ्या नावांनी चार वेगळ्या किमतींना विकायला आहे, डबा तोच, चार्जर तोच. फ्युएल सेल म्हणजे आत प्लॅटिनमचा थर असतो, श्वासातली दारू त्याच्यावर ऑक्सिडाइझ होते आणि थोडासा करंट तयार होतो, जितकी दारू तितका करंट. एअरपोर्टवर क्रूसाठी पण फ्युएल सेलचंच लागतं, फक्त तिथलं मोठं, प्रिंटर जोडलेलं, आणि वर कॅमेरा चालू. भाची त्याला, म्हणजे ब्रेथ अ‍ॅनालायझरला, नुसतं बीए म्हणते. "बीए झाली का?" असं त्या एकमेकींना विचारतात, मला सुरुवातीला वाटायचं पोरी डिग्रीबद्दल बोलतायत.

वापरायला सोपं आहे. बटण दाबा, वीसेक सेकंद गरम होतं, मग प्लास्टिकची नळी लावून पाच सेकंद एकसारखं फुंकायचं, मध्ये दम तोडला की एरर. शंख वाजवता येणाऱ्यांना पहिल्या झटक्यात जमतं, बाकीच्यांना दोन-तीनदा करावं लागतं.

आता मुख्य टेस्ट. शनिवारी रात्री मित्र आले होते. नऊला बसलो, साडेबाराला उठलो, माझे चार लार्ज झाले, चकण्याला शेंगदाणे आणि वर व्यवस्थित चिकन-भाकरी. वजन बहात्तर किलो. डायनिंग टेबलावर मशीन, शेजारी दूधवाल्याच्या हिशोबाची वही आणि गजर लावून ठेवलेले. रात्री एकला ०.०९८. ठीक, अपेक्षितच होतं, जीभ जड होती. मग झोपलो. सहाच्या गजराला उठलो, डोकं दुखत नव्हतं, चालताना तोल जात नव्हता, चहा टाकला, पेपर वाचला, म्हणजे कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की पूर्ण उतरलीय. फुंकलं. ०.०२६.

मी परत फुंकलं. ०.०२६.

सातला ०.०११. आठला शून्य आलं. म्हणजे तासाला साधारण ०.०१४, ०.०१५ च्या हिशोबाने उतरते आणि त्यात लिंबूपाणी, आंघोळ, कडक कॉफी, कशानेही ढिम्म फरक पडत नाही, मी सातच्या आधी कॉफी पिऊन आंघोळ करून बघितली. लिव्हर आपल्या गतीने काम करतं, सरकारी ऑफिससारखं, गर्दी वाढली म्हणून खिडकी वाढत नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडे गाडी चालवायची लिमिट १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. सकाळी सहाला मी कायद्याने गाडी चालवू शकत होतो. अमेरिकेत पायलटला ०.०४ ची लिमिट आणि शेवटच्या घोटानंतर आठ तास, म्हणजे आकड्यात पास आणि तासात नापास. इंग्लंडमध्ये पायलटला २० मिलिग्रॅम, तिथे माझी वरात थेट पोलीस व्हॅनमधून. आणि भारतात? भारतात पायलटला लिमिटच नाही, शून्य म्हणजे शून्य, आणि फ्लाइटच्या आधी बारा तास थेंब नाही. सापडला की पहिल्यांदा तीन महिने लायसन्स सस्पेंड, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. फुंकायला नकार दिला तरी तेच. आपण आपल्या देशाच्या नियमांना उठताबसता नावं ठेवतो पण हा नियम मला कडक आणि बरोबर वाटला.

आणि तो फक्त पोराटोरांना लागतो असंही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात एअर इंडियाचे डायरेक्टर ऑपरेशन्स, म्हणजे सगळ्या पायलटांचे साहेब, दिल्ली-लंडन फ्लाइटच्या आधी दोन्ही टेस्टमध्ये फेल झाले. याआधी २०१७ मध्ये टेस्ट चुकवली म्हणून तीन महिने झालेच होते, यावेळी तीन वर्षं गेली आणि पद पण गेलं. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली मामा ही गोष्ट आम्हाला पाठ आहे.

त्याच्या पंधरा दिवस आधी लंडनला जे झालं ते मला जास्त लागलं. हीथ्रोवर जपान एअरलाइन्सचा को-पायलट, टोकियोच्या फ्लाइटवर निघालेला, रक्तात १८९ मिलिग्रॅम. माझ्या वहीतल्या रात्री एकच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट, आणि हा माणूस विमान चालवायला निघालेला! दहा महिने जेल झाली. पण त्याला पकडलं कोणी तर क्रूच्या बसच्या ड्रायव्हरने, त्याला वास आला आणि त्याने सांगितलं. २००२ मध्ये मायामीला अमेरिका वेस्टचे दोन्ही पायलट असेच सापडले, सिक्युरिटीवाल्यांशी कॉफीच्या कपावरून वाद घातला, त्यांना वास आला, आणि गेट सोडून निघालेलं विमान परत बोलवलं. याच्या उलटं १९७७ चं अँकरेज. जपान एअरलाइन्सचंच डीसी-८ मालवाहू विमान, आत जिवंत गुरं भरलेली. कॅप्टनला सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या लक्षात आलं होतं की याचं काही खरं नाही, टॅक्सी कंपनीकडून तसं कळवलंही गेलं, पण कॅप्टनला कोणी थांबवलं नाही. विमान उडालं आणि लगेच पडलं, आतली पाचही माणसं गेली आणि सगळी गुरं.

बसवाला, टॅक्सीवाला, बॅगा तपासणारी पोरं. कॅप्टनच्या चार पट्ट्यांना शेजारी बसलेला माणूस कदाचित बिचकेल, पण या लोकांचं नाक चालू असतं. मी भाचीला विचारलं की तुझ्या कॅप्टनच्या तोंडाला वास आला तर तू बोलशील का. ती लगेच हो म्हणाली नाही, थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बोलेन. पण बीए आहे म्हणून मला बोलावं लागत नाही, ते बरं आहे." मशीनचं खरं काम मला त्या क्षणी कळलं. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरीला पन्नाशीच्या कॅप्टनवर बोट ठेवायची वेळच येऊ द्यायची नाही.

एक भोक मात्र आहे आणि ते मला प्रवासी म्हणून खटकतं. भारतातून निघताना टेस्ट आधी होते, पण परदेशातून निघालेल्या फ्लाइटच्या क्रूची टेस्ट भारतात उतरल्यावर होते. म्हणजे वरात निघून गेल्यावर घोडं तपासायचं. २०२४ मध्ये फुकेतहून दिल्लीला आलेल्या विमानाच्या पायलटची टेस्ट पॉझिटिव्ह आली, नोकरी गेली, ठीक आहे, पण तोपर्यंत लोक उतरून घरी पोचलेले. उतरल्यावर पकडले जाऊ ही भीती म्हणूनच बहुतेक लोक पीत नाहीत असं भाची म्हणते. असेल. मला निघताना हवं.

आता खाण्यापिण्याच्या टेस्ट, कारण त्या केल्याशिवाय आमच्या घरात कोणाला चैन पडेना. आईचं दशमूलारिष्ट, दोन चमचे, लगेच फुंकलं तर ०.०६ च्या वर. आई पंच्याऐंशी वर्षांची आहे, आणि रोज रात्री घेते! आसव-अरिष्टांमध्ये आंबवताना दारू तयार होतेच, बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं पण असतं, आपण वाचत नाही. पंधरा मिनिटांनी चूळ भरून परत फुंकायला लावलं तर शून्य. ही तोंडातली वाफ, रक्तातली नाही. म्हणूनच एअरपोर्टवर पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली तर लगेच फासावर देत नाहीत, पंधरा-वीस मिनिटं थांबवतात, चूळ भरू देतात, मशीन बरोबर आहे ना ते बघतात आणि मग दुसरी घेतात.

मग फणस. २०२५ मध्ये केरळात पंदलमच्या एसटी डेपोत ड्रायव्हर टेस्टला फेल झाले आणि शेवटी निघाला फणस, ते वाचलं होतं. रत्नागिरीहून बरका आला होता, दोन दिवस जास्तच पिकलेला, घरभर वास. सहा गरे खाऊन फुंकलं तर ०.०१२. दहा मिनिटांनी शून्य. बायको म्हणाली बघ, माझ्या माहेरच्या फणसाला पण चढते. भाची त्या दिवशी ड्युटीच्या आदल्या रात्री आलेली, तिने गऱ्यांच्या ताटलीकडे ज्या नजरेने बघितलं ना, मला वाईट वाटलं.

या पोरांना खरा त्रास मशीनचा नाहीच, आपला आहे. माझ्या पुतण्याच्या हळदीला सगळे तिच्या मागे, अगं घे ना एक बिअर, उद्या संध्याकाळचीच तर फ्लाइट आहे, आम्हाला हिशोब येत नाही का. त्यात मी पण होतो, खोटं कशाला बोलू. ती पन्हं घेऊन बसली आणि वर "माझा नियम चोवीस तासांचा आहे" एवढंच म्हणाली. वहीतल्या त्या ०.०२६ नंतर मला त्या संध्याकाळची लाज वाटली.

मशीनच्या तक्रारी. कॅलिब्रेशन दर सहा महिन्यांनी करा असं पुस्तिकेत लिहिलंय पण कुठे करा ते लिहिलेलं नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे कुरिअर करा, तीन आठवडे लागतील, अठराशे रुपये. साडेनऊ हजारांच्या वस्तूला वर्षाला छत्तीसशे? केलं नाही तर आकडा सरकत जातो आणि तुम्ही खोट्या शून्यावर विश्वास ठेवून बसता. नळ्या फक्त पाच दिल्यात, जास्तीच्या पंचवीस मागवल्या तर चारशे. चार्जिंगची पिन जुन्या पद्धतीची. स्क्रीन उन्हात दिसत नाही, पण उन्हात कोण फुंकतंय म्हणा.

घ्यावं का? रात्री पिऊन सकाळी गाडी, बस, क्रेन काहीही चालवणारं कोणी घरात असेल तर एकदा माझ्यासारखी वही घेऊन बसा, डोळे उघडतात. पण मशीनने शून्य दाखवलं म्हणून निघायचं, या कामाला मात्र वापरू नका, भाची स्वतः एकदाही यात फुंकलेली नाही. मी आग्रह केला तर म्हणाली, "मामा, मला घरी फुंकून बघावंसं वाटलं तर त्या दिवशी मी सिक कळवेन."

पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा कॅलिब्रेशनचा कापला आणि एक किमतीचा. उसनं मागू नका, एकतीस डिसेंबरसाठी सोसायटीतल्या चार जणांनी आत्तापासून सांगून ठेवलंय. नळी ज्याची त्याने आणायची.